सातवा नमुना

गयाबाई सूर्यवंशींनी फोन स्वतःच उचलला.

सारिका बिडवेने घरातल्या दुसऱ्या कुणाशी तरी बोलायची तयारी केली होती. अशा फोनला एक ठरलेला सूर लागतो, हळू आणि थोडा ओशाळलेला. "मी उदगीरच्या मांजराकाठ कर्करोग रुग्णालयातून बोलतेय, गयाबाईंच्या मृत्यूची तारीख आमच्याकडे नोंदवायची राहिली आहे," असं ती म्हणणार होती. पण पलीकडून खणखणीत आवाज आला, "बोला की! मी गयाबाईच बोलायले. जरा जोरात बोला, शेळ्या वरडायल्यात."

सारिकाने समोरच्या पडद्यावरची नोंद पुन्हा वाचली. वय अठ्ठावन्न. तालुका देवणी. अंडाशयाचा कर्करोग, पोटात पसरलेला. सातवा नमुना. अपेक्षित दिवस शहाण्णव. नोंदणी होऊन दोन वर्षं झाली होती.

"तब्येत कशी आहे, मावशी?"

"झकास हाय. केस बी आले बगा परत. आधी सरळ होते, आता कुरळे आलेत. नातवंडं हसत्यात."

सारिकाने उपचाराचा रकाना बघितला. तो कोरा होता. केस जातात ते केमोने. आणि नोंदीप्रमाणे गयाबाईंना केमो दिलीच गेली नव्हती. नोंदणीनंतर तेराव्या दिवशी त्या उपचार न घेता घरी गेल्या होत्या. त्या कागदावर सारिकाचीच सही होती.

"केमो कुठे घेतलीत?"

"तुमच्यातच की. काझीबाईंनी दिली, सा येळा." मग आवाज एकदम खाली आला. "अगं बाई. कुनाला सांगू नका म्हनल्या होत्या त्या. सांगितलं का मी?"

---

मांजराकाठ रुग्णालयात सारिका अकरा वर्षं नोंदणी विभागाची प्रमुख होती. कर्करोग रुग्णालयात हा विभाग कुणाच्या नजरेत येत नाही. पेशंटला डॉक्टर आठवतात, नर्स आठवतात. पण कुठल्या पेशंटला कुठला आजार झाला, कुठला उपचार दिला, तो किती जगला, हे पाच-पाच, दहा-दहा वर्षं चिकाटीने लिहून ठेवणारं कुणी नसेल, तर रुग्णालय चांगलं की वाईट हे ठरवता येत नाही. मानांकनाची सगळी इमारत या नोंदींवर उभी असते.

पूर्वी मानांकन म्हणजे पाहणीला आलेली माणसं समित्यांची इतिवृत्तं बघायची, औषधांच्या फ्रिजचं तापमान बघायची, जिन्यातली आग विझवायची नळकांडी मोजायची आणि श्रेणी देऊन जायची. पेशंट वाचतात का, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती, कारण तो विचारला की अन्याय व्हायचा. मोठ्या शहरातल्या रुग्णालयात लोक लवकर पोचतात, त्यामुळे तिथे जास्त वाचतात. उदगीरसारख्या गावात बायका पोट फुगल्यावर, जेवण तुटल्यावर येतात. त्यांचे मृत्यू रुग्णालयाच्या माथी का मारायचे?

यावर तोडगा म्हणून 'आयुरेखा' आली. शरीरातल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात येतात. कर्करोगाच्या गाठीचेही येतात. त्या तुकड्यांची लांबी वेगळी असते, त्यांच्यावर चिकटलेल्या रासायनिक खुणाही वेगळ्या असतात. आयुरेखा हे यंत्र दोन चमचे रक्तातले असे लाखो तुकडे वाचायचं, देशभरातल्या चाळीस लाख जुन्या पेशंटांच्या नोंदींशी ताडून बघायचं आणि सांगायचं, ही गाठ या नमुन्याची आहे, आणि नेहमीचे उपचार केले तर हे माणूस साधारण इतके दिवस जगेल. मग मानांकन मंडळ दोनच गोष्टी बघायचं. यंत्राने किती दिवस सांगितले होते, आणि तुमच्या रुग्णालयात माणूस किती दिवस जगलं. जास्त जगलं तर श्रेय तुमचं. उशिरा आलेल्या पेशंटला हात लावायची भीती गेली. सारिकाला आठवत होतं, ही पद्धत सुरू झाली त्या दिवशी रुग्णालयात पेढे वाटले होते.

रक्त दोनदा घ्यायचे, पहिल्या दिवशी आणि बाराव्या दिवशी. दुसऱ्यांदा रक्त घेतल्यावर पेशंटच्या अपेक्षित दिवसांची रेषा पक्की व्हायची. चौदाव्या दिवसापर्यंत पेशंटची नोंद कच्ची असायची. तेवढ्यात कुणी स्वतःहून उपचार नाकारून घरी गेलं, तर त्याचं यशापयश रुग्णालयाच्या खात्यात धरायचं नाही, असा नियम होता. नियमात चूक काहीच नव्हती. ज्याला औषध नको आहे, त्याच्या मरणाचा दोष डॉक्टरला कसा द्यायचा?

पण काही पेशंटांची रेषा आखूड आणि सपाट यायची. औषध दिलं काय, न दिलं काय, फरक पडणार नाही, असं सांगणारी. अशा पेशंटला केमो देणं म्हणजे त्याचे उरलेले महिने उलट्यांत आणि तापात घालवणं. आणि केमोच्या त्रासाने तो रेषेच्या आधीच गेला, तर रुग्णालयाची श्रेणी खाली येणं. करुणा आणि सोय दोन्ही एकाच बाजूला होत्या. म्हणून तेराव्या दिवशी पेशंटच्या घरच्यांना बसवून समजावायची पद्धत पडली. घरी न्या. वेदना होऊ नयेत म्हणून नर्स घरी येईल. शेवटचे दिवस आपल्या माणसांत जाऊ द्या. हे बोलणं सारिका फार छान करायची. तिचा आवाज मऊ होता, आणि ती जे सांगायची त्यावर तिचा मनापासून विश्वास होता.

तिने हेच बोलणं स्वतःच्या घरातही केलं होतं.

---

महानंदा सारिकाची मोठी जाऊ. खालच्या मजल्यावर महानंदा आणि तिचा नवरा नागनाथ, वरच्या मजल्यावर सारिका, उमाकांत आणि त्यांची मुलगी श्रावणी. महानंदाला मूल नव्हतं. सारिका नोकरीवर जायची तेव्हा श्रावणीला जेवू घालणारी, शाळेतून आणणारी, तापात उशाशी बसणारी महानंदाच. सारिका तिला अक्का म्हणायची.

सव्वा वर्षापूर्वी अक्काच्या पोटात पाणी झालं. सारिकाच तिला रुग्णालयात घेऊन गेली. बाराव्या दिवशी रेषा आली. सातवा नमुना, एकशे चार दिवस, सपाट. रुग्णालयाचे प्रमुख डॉ. वट्टमवार म्हणाले, "तुमच्या घरचंच माणूस आहे. तुम्हीच बोला, तुम्हाला जमेल."

जानेवारीची दुपार होती. गच्चीवर ऊन खात दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सारिकाने सगळं सांगितलं, नेहमीच्याच शब्दांत. अक्का ऐकत सोलत राहिली. मग तिने विचारलं, "तुझं मशीन चुकत नाही का गं?"

"नाही चुकत, अक्का. शंभरात शहाण्णव वेळा बरोबर येतं."

"मग उरलेल्या चौघी?"

"त्यांचं एखाद-दुसरा महिना मागंपुढं होतं, इतकंच."

अक्काने मान हलवली. "बरं. तू सांगतीस म्हणजे तसंच असंल."

अक्का नव्व्याण्णवाव्या दिवशी गेली. घरीच, नागनाथच्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटपर्यंत तिला फार दुखलं नाही. लोक म्हणाले, सारिका घरात होती म्हणून बाईचे हाल झाले नाहीत. सारिकालाही तसंच वाटत होतं. रडून झाल्यावर तिला एक समाधान होतं की आपण अक्काला खोटी आशा दाखवली नाही.

---

डॉ. फरीदा काझी डे-केअर वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईच्या हाताची शीर शोधत होत्या. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सारिकाने दारातूनच म्हटलं, "मॅडम, गयाबाई सूर्यवंशी जिवंत आहेत."

काझी मॅडमनी सुई नीट बसवली, चिकटपट्टी लावली, सलाईनची चावी हळूच फिरवली. मग सारिकाला घेऊन औषधांच्या खोलीत गेल्या आणि दार लावलं.

"अकरा जणी," त्या म्हणाल्या. "सातव्या नमुन्याच्या. तुम्ही घरी पाठवल्यावर मी परत बोलावल्या. त्यांना विचारलं, त्रास होईल, खात्री नाही, तरी घ्यायचं का? अकरा जणी हो म्हणाल्या. औषध नासाडीत दाखवलं. हा गुन्हा आहे, मला माहीत आहे."

"किती राहिल्या?"

"सात. चौघी गेल्या. त्यातली एक माझ्या औषधानेच गेली, पांढऱ्या पेशी उतरून. तेही लिहून घ्या."

सारिका स्टुलावर बसली. "पण रेषा तर..."

"मी तीस वर्षं या आजाराच्या बायका बघतेय, सारिका. आयुरेखा यायच्या आधीपासून. पोट भरून गाठी घेऊन यायच्या आणि पहिल्या दोन केमोत गाठी विरघळायच्या. परत यायचा आजार, पण तीन-तीन, चार-चार वर्षांनी. मधल्या काळात त्या लेकींची लग्नं करायच्या, शेतात जायच्या. मग पाच वर्षांत एकाएकी औषध लागू पडायचं कसं थांबलं? गाठ बदलली, की आपण बदललो?"

सारिकाने शेवटी जे विचारलं ते विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

"माझ्या जाऊला का नाही बोलावलंत, मॅडम?"

काझी मॅडमनी चष्मा काढून ओढणीला पुसला. तो स्वच्छच होता.

"तेव्हा माझ्याकडे पाच जणींची केमो चालू होती. तुम्ही नोंदणीच्या प्रमुख. महानंदाबाईंना बोलावलं असतं तर त्याच दिवशी तुम्हाला कळलं असतं, आणि त्या पाच जणींचं बंद झालं असतं." त्या थांबल्या. "मला तुमची भीती वाटली. खरं तेच सांगते."

---

पुढचा आठवडाभर सारिका जेवायलाही जागची उठत नव्हती. आयुरेखा दरवर्षी नवी व्हायची. वर्षभरात देशात कोण किती जगलं याच्या नोंदी गिळून यंत्र पुन्हा शिकायचं आणि रेषा सुधारायचं. जुन्या आवृत्त्यांचे तक्ते मंडळाच्या संकेतस्थळावर पडून होते. कुणी ते उघडत नव्हतं. सारिकाने सातव्या नमुन्याचे तक्ते काढून ओळीने मांडले.

पहिल्या वर्षी अपेक्षित दिवस होते आठशे दहा. दुसऱ्या वर्षी सहाशे. मग एकशे नव्वद. आणि गेली दोन वर्षं शंभराच्या आसपास. औषध तेच होतं, आजार तोच होता, आणि बायका दरवर्षी जास्त लवकर मरत होत्या.

तिने मंडळाच्या तांत्रिक कक्षाला फोन लावला. पलीकडे एक उत्साही इंजिनिअर होता. तिने विचारलं, "चौदा दिवसांच्या आत घरी गेलेल्या पेशंटचा उपचाराचा रकाना आम्ही कोरा ठेवतो. नियमावलीत तसंच सांगितलंय. तो रुग्णालयाच्या श्रेणीत धरत नाहीत, हे मला माहीत आहे. पण यंत्राच्या शिकण्यात तो धरतात का?"

"धरतात ना. मृत्यूची तारीख जन्म-मृत्यू नोंदणीतून आपोआप येते. एवढी मौल्यवान माहिती वाया कशी घालवायची?"

"आणि रकाना कोरा असेल तर यंत्र काय समजतं?"

"नेहमीचा उपचार झाला असं धरतं. मॅडम, कर्करोगाच्या रुग्णालयात माणूस उपचारालाच येतो ना?"

सारिकाने आभार मानून फोन ठेवला.

आता सगळं एका सरळ ओळीत दिसत होतं. सातव्या नमुन्याचा आजार उशिरा कळतो. म्हणून पहिल्या वर्षी काही थकलेल्या बायका उपचार न घेता घरी गेल्या आणि लवकर मेल्या. यंत्राला वाटलं, यांना औषध दिलं होतं आणि तरी त्या मेल्या. त्याने रेषा आखूड केली. आखूड रेषा बघून पुढच्या वर्षी आणखी बायकांना घरी पाठवलं. त्या मेल्या. रेषा आणखी आखूड झाली, सपाट झाली. देशभरातल्या चांगल्या चांगल्या रुग्णालयांत तेराव्या दिवशी कुणीतरी मऊ आवाजात बोलत होतं, आणि यंत्र शंभरात शहाण्णव वेळा बरोबर ठरत होतं. मांजराकाठमध्ये पाच वर्षांत अशा त्रेसष्ट बायका घरी गेल्या होत्या. त्रेसष्ट कोरे रकाने. प्रत्येकासमोर नोंद करणाऱ्याचं नाव होतं, सारिका उ. बिडवे.

चौतिसाव्या ओळीवर अक्का होती.

---

डॉ. वट्टमवारांनी सगळे कागद शांतपणे वाचले. ते वाईट माणूस नव्हते. चौदा वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी हे रुग्णालय सुरू केलं होतं आणि पहिली दोन वर्षं पेशंटच्या खाटाही स्वतः उचलल्या होत्या.

"पाहणी सोमवारी आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"हे बाहेर आलं तर 'अ' श्रेणी जाते. श्रेणी गेली की सरकारी योजनेतून नाव जातं. महिन्याला चारशे पेशंट येतात आपल्याकडे. ते कुठे जातील? हैदराबाद? सोलापूर? निम्मे कुठेच जाणार नाहीत, घरी बसतील. त्याचा हिशेब कोण करणार?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "पाहणी होऊ द्या. नंतर मी स्वतः मंडळाला पत्र लिहितो. दोन महिने फक्त."

"सर, आत्ता कच्च्या नोंदीत सातव्या नमुन्याच्या तिघी आहेत. एकीचा तेरावा दिवस उद्या आहे."

वट्टमवार खिडकीकडे बघत राहिले. आवारात एक बाई नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती.

"तिघींची केमो सुरू करायला सांगा काझींना," शेवटी ते म्हणाले. "बाकीचं... तुम्हाला काय करायचं ते करा. मी सांगणार नाही आणि अडवणारही नाही."

सोमवारी तीन जणांचं पथक आलं. प्रमुख होत्या डॉ. रेवती मुळगुंद, पांढऱ्या केसांचा बॉब, तोलूनमापून बोलणं. दुपारी त्या नोंदणी विभागात आल्या. तासभर नोंदी चाळून म्हणाल्या, "मी एकशे चाळीस रुग्णालयं बघितली. इतकं नेटकं काम फार थोड्या ठिकाणी आहे. तुमचं कौतुक अहवालात लिहिणार आहे."

"मॅडम, लिहायच्या आधी एक फाईल बघा," सारिका म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, आणि तिला त्या आवाजाचा राग आला.

मुळगुंद मॅडमनी तक्ते बघितले. मग पुन्हा पहिल्या पानापासून बघितले. सोबतच्या दोघांना बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"चौदा दिवसांचा नियम मी लिहिलाय," त्या म्हणाल्या. "तीन महिने वाद घालून मंजूर करून घेतला होता. छोट्या रुग्णालयांवर अन्याय होऊ नये म्हणून." त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "सगळ्या देशात हाच रकाना कोरा आहे, बिडवे."

"हो, मॅडम."

"सगळ्या देशात."

---

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. पंधरा दिवसांत सातव्या नमुन्याची रेषा देशभर बंद झाली. महिन्याभरात आणखी तीन नमुन्यांत तोच दोष सापडला. मांजराकाठची श्रेणी वर्षभरासाठी स्थगित झाली, आणि वट्टमवार म्हणाले होते तसं योजनेतून नावही गेलं. डॉ. काझींना नोंद न करता औषध दिल्याबद्दल निलंबित केलं. त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या तेव्हा देवणीहून गयाबाई आल्या होत्या. गेटवर दोघी कितीतरी वेळ हात धरून उभ्या होत्या.

सारिकावर काहीच कारवाई झाली नाही. चौकशी अहवालात एका ओळीत लिहिलं होतं की नोंदणी प्रमुखांनी सर्व काम नियमावलीप्रमाणे केले. ती ओळ वाचून तिला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

मंडळाने घरच्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा धाडला. 'सांख्यिकीय विसंगतीमुळे आपल्या रुग्णास दिलेल्या सल्ल्याचा फेरविचार आवश्यक असल्याचे निदर्शनास आले आहे.' सारिकाने मुळगुंद मॅडमना फोन केला. "हे पत्र कुणाला कळणार आहे? मी जाते. काझी मॅडमच्या अकरा जणी सोडल्या तर बावन्न घरं आहेत. मी स्वतः जाऊन सांगते."

पहिलं घर तिचं स्वतःचं होतं.

नागनाथचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बसस्थानकाच्या मागे होतं. सारिका गेली तेव्हा तो एका पंपाच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. वेढे मोजताना त्याचे ओठ हलत. या वेळी ती दुकानात कधी येत नसे, म्हणून त्याने विचारलं, "काय गं, श्रावणीला काही झालं का?"

"नाही, दादा. अक्काबद्दल बोलायचंय."

तिने सगळं सांगितलं. यंत्र काय समजत होतं, रकाना कुणी कोरा ठेवला, गयाबाई कशा जिवंत आहेत. तिने काही लपवलं नाही आणि रडलीही नाही. रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटत होतं. नागनाथचे हात सुरुवातीला चालत होते. मग थांबले.

"अकरात सात," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे महानंदा जगली असती."

"सांगता येत नाही, दादा. कदाचित. कदाचित त्या चौघींत गेली असती."

नागनाथने हातातली तार सोडली. ती गुंडाळी सैल होऊन जमिनीवर पसरली.

"होळीच्या सुमाराला ती मला म्हणली होती," तो म्हणाला. "अहो, एकदा तरी सुई लावून बघू का? नाही लागू पडली तर नाही. मी म्हणलं, येडी का काय, सारिका एवढी शिकलेली, तिला कळत नाही का? तिला वाईट वाटंल तू असं विचारलंस तर." त्याने दोन्ही तळहात मांड्यांवर पालथे ठेवले. "परत नाही विचारलं तिनं."

सारिकाला हे माहीत नव्हतं. ती उभी होती तिथेच खाली बसली, तारांच्या तुकड्यांत.

"तू घरी जा," नागनाथ म्हणाला. "आणि मला थोडे दिवस दिसू नको."

एकाच घरात राहून न दिसणं सोपं नव्हतं. सारिका मागच्या जिन्याने जाऊ-येऊ लागली. उमाकांत भावाशी बोलायला खाली गेला आणि तसाच वर आला. श्रावणीला सारिकाने सांगितलं तेव्हा त्या मुलीने एकच विचारलं, "मोठ्या आईला तू विचारलं होतंस का, की तिला काय पाहिजे?" सारिकाने नाही म्हटलं. श्रावणी त्या दिवसापासून जेवायला खाली, काकांकडे जाऊ लागली. दोघं जण गप्प बसून जेवायची. वरून भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू यायचा.

रुग्णालयात काम कमी झालं होतं. सारिका सुटी घेऊन एसटीने गावोगाव फिरत राहिली. निलंगा, औराद, जळकोट, मुखेड. कुठे तिला चहा मिळाला, कुठे शिव्या. एका घरात म्हाताऱ्या सासूने तिचंच सांत्वन केलं, ते सगळ्यात जड गेलं. एका मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त दार लावून घेतलं. संध्याकाळी परत येताना ती घरांची यादी काढायची आणि उद्याचं गाव ठरवायची.

अडीच महिन्यांनी एका सकाळी ती मागच्या जिन्याने उतरली, तर नागनाथ मोटारी पोचवायची गाडी घेऊन गल्लीत उभा होता. दाढी वाढली होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आज कुठलं गाव?"

"कौळखेडच्या पुढं. एसटी आहे साडेआठची."

"बस."

दोन्हीकडे सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या. फाट्यावर गाडी वळवताना तो म्हणाला, "मी विसरलो असं समजू नको."

"नाही समजत, दादा."

"ती असती तर तुला एकटीला नसतं जाऊ दिलं तिनं. म्हणून आलोय."

घर गावाच्या टोकाला होतं. ओसरीवर एक सत्तरीचे गृहस्थ, ज्ञानोबा पवळे, दोरी वळत बसले होते. त्यांची मुलगी कमल नवऱ्याने टाकल्यावर माहेरी राहायची. तीन वर्षांपूर्वी, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली होती. सारिकाने स्वतःचं नाव सांगितलं. तेव्हा पेशंटच्या घरच्यांशी बोलणारी मीच होते, असंही सांगितलं. मग पुढचं सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, जसं आता तिला सांगता येऊ लागलं होतं.

ज्ञानोबा ऐकत होते. त्यांचे हात दोरी वळायचे थांबले नव्हते. ऐकून झाल्यावर त्यांनी नागनाथकडे बघितलं. "हे कोण? सायेब हायेत का?"

"नाही, मामा," नागनाथ म्हणाला. "माझी मालकीण गेली तशीच. तुमच्या मुलीसारखीच." त्याने सारिकाकडे बोट केलं. "ही माझ्या धाकट्या भावाची बायको. माझ्या घरात बी हिनंच सांगितलं होतं."

म्हाताऱ्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. काय समजावं ते त्यांना कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "कमल म्हनत होती, बाबा, मला औषिद द्यायला सांगा. मी म्हनलं, डाक्टर देईनात तर मी काय करू."

नागनाथने खाली मान घातली.

ज्ञानोबांनी दोरी बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घराच्या अंधाऱ्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, भाहीर ये. आपल्या कमलचं सांगायला मान्सं आलीत."

आतून एक वाकलेली बाई पदराला हात पुसत आली. उंबऱ्याशी बसली. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून ती सारिकाच्या अगदी जवळ सरकली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

सारिकाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.